खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

मराठी घरात पोट बिघडलं की पहिली गदा जेवणावर येते. तेल-तूप बंद, दूध बंद, तिखटाचं तर नावच नको. दोन दिवस मऊ भात, मुगाचं वरण, ताक आणि वर ओव्याचं पाणी. बहुतेक वेळा हा उपाय लागू पडतो, कारण बहुतेक वेळा पोट आपलं आपणच बरं होणार असतं. त्यामुळे या पथ्यावरचा आपला विश्वास पिढ्यान्‌पिढ्या पक्का होत गेला आहे. हे पुस्तक ज्या आजाराबद्दल आहे, त्यात मात्र हेच पथ्य माणसाला हळूहळू वाळवतं. स्वादुपिंडाचा पाचकरस पुरेसा तयार होत नाही किंवा आतड्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा रुग्णाची तक्रार जास्त खाल्ल्याची नसते, खाल्लेलं अंगी न लागण्याची असते. अशा माणसाच्या ताटातलं आणखी काढून घेतलं की वजन उतरतच जातं, आणि एवढं पथ्य पाळूनही गुण का येत नाही, याचं घरच्यांना कोडं पडतं.

म्हणून सुरुवातीलाच ठासून सांगतो. या रुग्णाला पोटभर, बऱ्यापैकी स्निग्ध जेवण लागतं आणि त्या जेवणाबरोबर औषधाच्या रूपात पाचकरस लागतो. दोन्ही एकत्र लागतात. पुढच्या प्रकरणांत तपासण्या, औषधं, आहार, मधुमेह असं बरंच काही येईल. पण एवढी एक गोष्ट रुग्णाच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोचली तरी पुस्तकाचं निम्मं काम झालं असं मी समजेन.

आजार ओळखायला उशीर होतो त्यात संकोचाचा वाटा मोठा आहे. डॉक्टरांसमोर बसलेला माणूस ‘गॅस होतो’, ‘पोट साफ होत नाही’ इथवर बोलतो आणि थांबतो. खरी खूण त्याच्या पुढे असते. मळ फिकट, चिकट, ढीगभर होतो; भांड्याला धरून बसतो, दोन बादल्या पाणी ओतलं तरी हलत नाही; पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो आणि वास असा की स्वतःलाच लाज वाटावी. चाळीतला सामायिक संडास असेल तर माणूस शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत पहाटेच उरकून येतो, पण डॉक्टरांना सांगत नाही. डॉक्टरही पुष्कळदा विचारत नाहीत. त्यात आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. दोन्ही वेळा भात-आमटी किंवा भाकरी-कालवण खाणाऱ्या, तेल बेताचंच मिळणाऱ्या माणसाच्या पोटात मुळात चरबीच कमी जाते, त्यामुळे मळात ती उतरल्याची खूण ठळक दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की माणूस नीट जेवतो आणि तरी सदरे ढगळ होत चालले आहेत.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटीमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आतबाहेर. मधुमेहामुळे या ग्रंथीचं इन्सुलिन तयार करण्याचं काम घरोघर माहीत झालं आहे. पण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं ग्रंथीचा जेमतेम एक-दोन टक्के भाग व्यापतात. बाकी जवळजवळ सगळी ग्रंथी पाचकरस बनवते, तोही दिवसाला दीड लिटरच्या आसपास.

या रसाची वाट माणसाच्या शरीरात पहिल्यांदा नीट दिसली ती १६४२ साली, इटलीतल्या पादुआ शहरात. फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेताचं विच्छेदन करताना योहान जॉर्ज विर्सुंग यांना ग्रंथीच्या आतून लांबवर गेलेली एक नळी सापडली. तिचं काम काय, ते त्यांना उलगडेना. ती धमनी म्हणावी की शीर, हेही ठरेना. त्यांनी तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरलं, त्याचे ठसे युरोपातल्या नामवंत शरीरशास्त्रज्ञांना पाठवले आणि मत विचारलं. पुढच्याच वर्षी त्यांचा गोळी घालून खून झाला. नळीला आजही त्यांचं नाव आहे.

त्या रसाचं काम समजायला आणखी दोनशे वर्षं गेली. ते समजलं पॅरिसमध्ये क्लॉद बेर्नार यांना, आणि तेही सशामुळे. सशाच्या आतड्यात पित्ताची नळी अगदी सुरुवातीला उघडते. स्वादुपिंडाची नळी मात्र बरीच खाली. चरबी खाऊ घातलेल्या सशाचं पोट उघडून पाहिल्यावर बेर्नार यांच्या लक्षात आलं, की चरबी वाहून नेणाऱ्या बारीक रसवाहिन्या स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाखालीच दुधाळ झाल्या आहेत. त्याच्या वरच्या भागात पित्त पोचलं होतं, तरी तिथल्या वाहिन्या स्वच्छच होत्या. नुसतं पित्त पुरेसं नव्हतं. १८५६ साली स्वादुपिंडावरचा त्यांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि पचनाचं सगळं श्रेय जठराला देण्याची जुनी समजूत मागे पडली. निदान पुस्तकात तरी. आपल्या बोलण्यात पचन म्हणजे अजूनही जठर आणि त्यातला अग्नीच.

या रसात पिष्टमय पदार्थ फोडणारं अमायलेज असतं, प्रथिनं फोडणारं ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं असतात, आणि चरबी फोडणारं लायपेज असतं. शिवाय भरपूर बायकार्बोनेट असतं. जठरातून आलेल्या अन्नाचं आम्ल ते शमवतं. रस कमी पडला की तिन्ही प्रकारचं पचन सारखंच बिघडत नाही. पिष्टमय पदार्थांवर लाळेतलं अमायलेज काम करतं, प्रथिनांना जठरातलं पेप्सिन काही प्रमाणात सांभाळून घेतं. चरबीला मात्र दुसरा खंबीर वाली नाही. त्यात लायपेज हे या सगळ्यांत नाजूक. आम्लात ते कायमचं निकामी होतं, आणि बायकार्बोनेट कमी पडल्यामुळे आतड्यात आम्ल टिकून असतं. म्हणजे मुळात थोडं, त्यातलंही वाटेत मरतं. न पचलेली चरबी पुढे मोठ्या आतड्यात जाते, आणि तिच्याबरोबर अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही वाया जातात.

निसर्गाने या ग्रंथीला शिल्लक मात्र भरपूर दिली आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले युजीन डिमॅग्नो आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली दाखवून दिलं, की लायपेजचं प्रमाण नेहमीच्या सुमारे १० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत मळात चरबी वाढत नाही. ऐकायला ही गोष्ट दिलाशाची वाटते. तिचा व्यवहारातला अर्थ उलटा आहे: तेलकट मळ दिसू लागला तेव्हा ग्रंथीचं फार मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं. त्या वेळी ‘अजून महिनाभर चूर्ण घेऊन बघू’ म्हणण्यात काही राम नाही.

ग्रंथी बिघडते कशाने? मोठ्या माणसांत प्रमुख कारण म्हणजे स्वादुपिंडाला वर्षानुवर्षं येत राहणारी सूज. दारू हे तिचं ठळक कारण आहे आणि धूम्रपान हे दुसरं, स्वतंत्र कारण आहे. दोन्ही एकत्र असतील तर नुकसान झपाट्याने होतं. स्वादुपिंडाचा कर्करोग, त्यासाठी किंवा अन्य कारणाने झालेली शस्त्रक्रिया, ग्रंथीचा बराच भाग नष्ट करणारा तीव्र सुजेचा झटका, जठराच्या काही शस्त्रक्रिया ही इतर कारणं. लहान मुलांत सिस्टिक फायब्रोसिस. पण या यादीतली दारू आपल्याकडे रुग्णाच्या माथी फार चटकन मारली जाते. कधी थेंबही न घेतलेल्या बाईला ‘घरात कुणी घेतं का’ असा प्रश्न विचारला जातो आणि पुढची चौकशी तिथेच संपते. केरळचे डॉ. व्ही. बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं राहणाऱ्या सुजेच्या भारतभरातल्या हजारावर रुग्णांची पाहणी करून २००८ साली निष्कर्ष मांडले. त्यात दारूशी संबंधित रुग्णांपेक्षा, कोणतंच ठळक कारण न सापडलेल्या रुग्णांचा वाटा मोठा होता. असे रुग्ण साधारण ६० टक्के होते.

भारतातल्या या आजाराचा इतिहासही केरळातूनच सुरू होतो. डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी १९६०च्या दशकात तिथल्या गरीब घरांतले कितीतरी तरुण रुग्ण नोंदवले. लहानपणी पोटदुखी, वयात येता येता मधुमेह, स्वादुपिंडात खड्यांची रास, आणि ऐन उमेदीत मृत्यू. दारूचा संबंध नाही. मग संशय गेला केरळात पोटभरीचं अन्न असलेल्या टॅपिओकावर, कारण त्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. इथे उपवास करणाऱ्या वाचकाचे कान टवकारतील, कारण आपला साबुदाणा त्याच कंदापासून बनतो. पण घाबरू नये. कंद कुस्करून, धुऊन स्टार्च काढताना ती द्रव्यं बहुतांश निघून जातात. शिवाय टॅपिओका न खाणाऱ्या प्रदेशांतही हाच आजार आढळल्यामुळे तो सिद्धान्त लंगडा पडला. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसह अनेक ठिकाणच्या संशोधकांना या रुग्णांमध्ये स्पिंक-१ नावाच्या जनुकात बदल आढळले. हे जनुक जे प्रथिन बनवतं ते ट्रिप्सिनला ग्रंथीच्या आतच जागं होण्यापासून रोखतं. ट्रिप्सिनने आपलं काम आतड्यात सुरू करायचं असतं. ते ग्रंथीतच सुरू झालं, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. जनुकातला बदल एकट्याने आजार आणतोच असं नाही. तो असूनही ठणठणीत असणारे लोक आहेत. पण रुग्णाला दोष देण्याआधी एवढं ठाऊक असलेलं बरं.

निदानाच्या बाबतीत दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली अशी, की वजन घटणं आणि पातळ शौच यांची आपल्या देशात इतरही कारणं आहेत: आतड्याचा क्षयरोग, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक आजार, जिआर्डियासारखे परजीवी. त्यामुळे स्वतःच निदान करून औषध सुरू करू नये. दुसरी अशी, की चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि त्याच सुमारास वजन उतरू लागलं, किंवा पोट न दुखता कावीळ झाली, तर एक दिवसही न दवडता पोटाचा सीटी स्कॅन व्हायला हवा. तो कर्करोगासाठी.

पूर्वी निदानासाठी रोज १०० ग्रॅम चरबी असलेला आहार देऊन तीन दिवसांचा सगळा मळ गोळा करायचा आणि त्यातली चरबी मोजायची अशी तपासणी होती. दिवसाला सात ग्रॅमपेक्षा जास्त निघाली की पचन बिघडलेलं. तपासणी चांगली, पण रुग्ण, नातेवाईक आणि प्रयोगशाळा तिघेही तिला टाळायचे, आणि त्यांना दोष देववत नाही. आता मळाच्या एका लहान नमुन्यात स्वादुपिंडाच्या पाचकरसातलं इलास्टेज मोजतात. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असेल तर सहसा ठीक. १००च्या खाली असेल तर रस कमी पडत असल्याची शक्यता बरीच. मधल्या आकड्यांवर वाद घालता येतो. नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर इलास्टेज विरळ होऊन आकडा खोटाच कमी येतो, हे प्रयोगशाळेच्या अहवालावर क्वचितच लिहिलेलं असतं. औषध चालू असतानाही ही तपासणी करता येते, कारण ती फक्त माणसाचं इलास्टेज मोजते.

आता मूळ मुद्द्याकडे. चरबी पचत नाही तर चरबी देऊच नये, हा विचार इतका सरळ आहे की डॉक्टरांनीही तो पिढ्यान्‌पिढ्या मानला. तो मोडला सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांनी. या आजारात स्वादुपिंडाच्या नळ्या घट्ट स्रावाने बुजतात आणि फुप्फुसंही निकामी होत जातात. १९३८ साली डॉरथी अँडरसन यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. तेव्हापासून या मुलांना कमी चरबीचा आहार हा नियमच होता. मुलं कायम भुकेली, कायम हडकुळी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या टोरंटोमध्ये डॉ. डग्लस क्रोझियर यांनी हा नियम मोडला. मुलांना हवं ते खाऊ द्या, लोणी द्या, सायीचं दूध द्या, आणि त्याच्या जोडीला लागतील तेवढी एन्झाइमं द्या, असं त्यांचं म्हणणं. त्या काळच्या कॅप्सूलमधलं बरंचसं औषध जठरातल्या आम्लातच नष्ट व्हायचं, त्यामुळे एकेका जेवणाला मुलं मूठभर कॅप्सूल गिळायची.

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये तेव्हाही जुनाच आहार चालू होता. दोन्ही शहरांतली केंद्रं नावाजलेली, बाकीचे उपचार जवळपास सारखे. मेरी कोरी आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या, प्रत्येकी पाचशेच्या आसपास रुग्णांची तुलना करून ती १९८८ साली प्रसिद्ध केली. फुप्फुसांच्या कार्यक्षमतेत फारसा फरक नव्हता. टोरंटोची मुलं मात्र उंच होती. आणि बॉस्टनमध्ये निम्मे रुग्ण ज्या वयापर्यंत जगत होते ते वय होतं २१ वर्षं, टोरंटोमध्ये ३०. या तुलनेनंतर सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांच्या ताटातलं लोणी परत आलं. प्रौढांच्या बाबतीत हे शहाणपण यायला आणखी बराच काळ लागला. युरोप-अमेरिकेतल्या अलीकडच्या मार्गदर्शक सूचना आता स्पष्टपणे सांगतात की चरबी सरसकट कमी करू नये. आपल्याकडे दवाखान्यातून घरी जाताना हातात पडणाऱ्या छापील आहारपत्रकावर मात्र ‘तेल, तूप, तळलेले पदार्थ वर्ज्य’ ही ओळ अजूनही भेटते.

आजच्या कॅप्सूलमध्ये पॅन्क्रिएटिनचे, म्हणजे पाचकरसातल्या एन्झाइमांचे, बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला आम्लात न विरघळणारं आवरण असतं. दाणे जठरात अन्नात मिसळतात, अन्नाबरोबर पुढे सरकतात आणि आतड्यात आम्ल कमी झाल्यावर उघडतात. वेळेचं महत्त्व इथे आहे. कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास घेतली तर ती अन्नाला सोडून पुढे निघून जाते. जेवणानंतर घेतली तर अन्न पुढे गेलेलं असतं. पहिल्या घासाबरोबर एक, जेवणाच्या मध्ये आणखी एक, अशी विभागून घेणं उत्तम. लग्नाच्या पंगतीत तासभर जेवण चाललं तर शेवटचा हिस्सा मठ्ठ्याआधी. चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ असं लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारावं. मला तर ही चूक डोसाच्या चुकीपेक्षाही जास्त वेळा दिसली आहे.

डोस लायपेजच्या युनिटमध्ये मोजतात. प्रौढाला मुख्य जेवणाला सुरुवातीला ४०,००० ते ५०,००० युनिट, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, असा साधारण ठोकताळा आहे. आपल्याकडे १०,००० आणि २५,००० युनिटच्या कॅप्सूल सहज मिळतात. २५,०००ची एक सकाळी आणि एक रात्री, असं लिहून दिलेलं औषध घेऊन ‘गुण नाही’ म्हणणारे रुग्ण पुष्कळ आहेत. गुण येण्याइतकं औषध त्यांना मिळालेलंच नसतं. याला खर्चही कारण आहे. औषध महाग आहे आणि ते बहुधा जन्मभर घ्यायचं असतं, म्हणून घरात ते पुरवून पुरवून वापरलं जातं. पैसे कमी असतील तर ते डॉक्टरांना सांगून डोस कसा लावायचा हे ठरवावं. मनाने निम्मं करू नये. पुरेसा डोस आणि बरोबर वेळ असूनही फरक पडला नाही, तर आम्ल कमी करणारं औषध जोडतात किंवा आतड्यात जिवाणू वाढले आहेत का ते तपासतात. वरची मर्यादाही आहे. १९९४ साली इंग्लंडमध्ये अतिशय जास्त डोस घेणाऱ्या काही मुलांचं मोठं आतडं आकसल्याचं आढळलं, तेव्हापासून रोज दर किलो वजनामागे १०,००० युनिटची सीमा पाळतात.

औषधाच्या दुकानात मिळणारी ‘पाचक’ सिरपं या कामाची नाहीत. त्यांतल्या बहुतेकांत पेप्सिन आणि बुरशीपासून काढलेलं डायस्टेज असतं. चरबीसाठी काहीच नसतं. चव चांगली असते एवढं खरं.

स्वयंपाकघरात या सगळ्याचं काय करायचं, यावर पुस्तकातलं सर्वात लांब प्रकरण आहे. इथे थोडीच उदाहरणं देतो. आपल्याकडे पदार्थ जड की हलका हे त्याच्या प्रतिष्ठेवरून ठरतं, त्यातल्या चरबीवरून नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हलकी समजली जाते, पण शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं, वर फोडणीचं तूप. तिला पूर्ण जेवणाइतकी कॅप्सूल लागते. दोनशे मिलिलिटर म्हशीच्या दुधात तेरा-चौदा ग्रॅम चरबी असते, म्हणून झोपण्याआधीच्या दुधालाही कॅप्सूल हवी. कपभर चहातल्या चमचाभर दुधाला नको, फळाला नको. मिसळीवरचा कट, नारळाच्या वाटणाचं कालवण, पुरणपोळीवरची तुपाची धार यांपैकी काहीही कायमचं बंद करावं लागत नाही, त्यांचा हिशेब मात्र ठेवावा लागतो. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणं बरी. आणि कोंडा, इसबगोल, ताटभर कच्च्या कोशिंबिरी यांचा मारा या रुग्णावर करू नये. अति तंतुमय आहाराने लायपेजचं काम अडतं, असं दिसून आलं आहे. ‘चोथा पोटाला चांगला’ हे इथे सरसकट लागू नाही.

एक गोष्ट रुग्णाला आधीच सांगायला हवी, आणि ती पुष्कळदा सांगितली जात नाही. परिणामकारक ठरलेलं पॅन्क्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. माळकरी, जैन, मुसलमान अशा कुणालाही हे नंतर कळलं तर विश्वासघात झाल्यासारखं वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. बुरशीपासून किंवा वनस्पतींपासून काढलेली एन्झाइमं मिळतात, पण या आजारात त्यांचा उपयोग तितका सिद्ध झालेला नाही. दुसरा पर्याय नसताना उपचार म्हणून अशा औषधाला मुभा आहे, असं मत अनेक इस्लामी धर्मपंडितांनी दिलं आहे. माळ घातलेल्या रुग्णांपैकीही काही जण आपल्या महाराजांना विचारून औषध घेतात, काही घेत नाहीत. निर्णय रुग्णाचा. डॉक्टरांनी तो माहिती लपवून स्वतःच घेऊन टाकू नये.

मधुमेह असलेल्या रुग्णाच्या घरी कॅप्सूल सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत एक घबराट हमखास उडते: साखर वाढली. औषधाने साखर वाढवली असं समजून कॅप्सूल बंद केली जाते. खरं तर औषधाने आपलं काम केलेलं असतं. पूर्वी वाया जाणारं अन्न आता रक्तात उतरतं आहे, तेव्हा इन्सुलिनचा डोस बदलायला हवा. हा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखाही नसतो. ग्रंथीतल्या साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉन संप्रेरकाच्या पेशीही गेलेल्या असल्यामुळे साखर अचानक खूप खाली जाऊ शकते, विशेषतः इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर. एकादशीचा निर्जळी उपवास किंवा रमजानचा रोजा धरण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

पोटदुखीबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. कॅप्सूलने पचन सुधारतं, वजन वाढतं, गॅस आणि दुर्गंधी कमी होते. सुजेची वेदना तिने जाईलच असं नाही. त्यासाठी वेगळे उपचार आहेत. बाहेरून धक्कालहरी देऊन स्वादुपिंडातले खडे फोडणं, नळीत स्टेंट बसवणं, गरजेनुसार शस्त्रक्रिया. खडे फोडण्याच्या कामात हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीचा अनुभव फार मोठा आहे. दारू आणि विडी-सिगारेट सोडल्याशिवाय मात्र यातलं काहीही टिकत नाही, आणि सिगारेटचा मुद्दा दारूच्या गदारोळात नेहमी मागे राहतो.

हे पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. नव्याने निदान झालेल्यांनी कॅप्सूलचं आणि स्वयंपाकघराचं अशी दोन प्रकरणं आधी वाचावीत. शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा कर्करोगाचा उपचार चालू असलेल्यांनी त्यांच्यासाठीचं वेगळं प्रकरण, कारण त्या उपचारांच्या धावपळीत पचनाचा प्रश्न कुणाच्याच यादीत नसतो. शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात दर महिन्याचं वजन, रोजच्या कॅप्सूलची संख्या आणि शौचाचं वर्णन संकोच न करता लिहावं. ड जीवनसत्त्वाची वार्षिक तपासणी आणि दर एक-दोन वर्षांनी हाडांच्या घनतेची तपासणी यांच्या तारखाही. ठिसूळ हाडं हा या आजाराचा उशिरा कळणारा भाग आहे, आणि तिशीतल्या पुरुषाच्या हाडांची तपासणी कुणी आपणहून सांगत नाही. पुढच्या भेटीला जाताना तो तक्ता बरोबर न्यावा आणि डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांनी मागायच्या आधीच, उघडून ठेवावा.